सुरावर परतणारा ब्रिज

शैलाताई सोबत आल्या म्हणून निभावलं. त्या आमच्या ऑर्केस्ट्रात गातात, मी गिटार वाजवतो. तारा ज्यावर बसतात तो ब्रिज झिजला होता. सूर लववायला त्याला असलेली दांडी दाबून सोडली की सूर जागेवर येईना, आणि ऑर्केस्ट्राचे मालक दुसरा गिटारवाला शोधू लागले होते. नवा ब्रिज घ्यायला वाद्यांच्या दुकानात गेलो, तर माझा हात सोनेरी ब्रिजकडे गेला.

"लग्नाला उभा आहेस का? इथल्या गिटारींवर बसवलेल्या एकेका ब्रिजची दांडी दाबून बघ, मी सा धरते," म्हणत ताईंनी डोळे मिटले.

एक काळपट ब्रिज तेवढा त्यांच्या सा वर परतला. तोच घेतला.

नववीत शाळा सोडून इतक्या लांब आलोय. ताणून सोडल्यावर मूळ जागी परतणं माणसाला तरी कुठे जमतं?

ताई, तुमचा आवाज थकेल त्या दिवशी कुणाला कळू न देता पट्टी उतरवून वाजवीन.