हाताने फिरवायची वीज

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, सन १८९३. कल्याण स्टेशन, नाशिकच्या गाडीची वाट पाहत. हजर: मी, खांदा धरलेले आमचे मामा आणि नुकताच विलायतेहून उतरलेला एक तरुण. त्याच्यापासून सगळे दूर सरकून बसले होते.

मांडीवरची विजेची पेटी तो पुन्हा पुन्हा फडक्याने पुसत होता. दांडा फिरवला की वीज तयार. सांध्यांना उत्तम, म्हणाला.

"तिकडे भिंतीतून वीज येते म्हणतात. मग हा दांडा कशाला?" मी विचारले.

"तिकडे दर कंपनीची वीज निराळी. एका गल्लीतली दुसऱ्या गल्लीत चालत नाही. प्रवासात आपली आपण फिरवावी."

मामा लगेच पुढे सरकले. पण एकट्याला झटका जोराचा बसतो. म्हणून पेटीच्या तारांना लावलेल्या दोन मुठींपैकी एक पितळी मूठ मामांनी धरायची, दुसरी त्याने, आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात. मामा थबकले.

"प्रायश्चित्त झालं का रे?"

"त्यालाच चाललोय नाशिकला."

"म्हणजे मला स्नान आलं!"

"करा की. पण ऊन पाण्यानं, नाहीतर खांदा परत धरेल."

मामांना हसू फुटले. त्यांनी हात दिला, मी दांडा फिरवला.

"अगं आई गं!" मामा ओरडले.

दांडा थांबला, तरी तो तरुण हात सोडीना. "जरा राहू द्या, मामा. बोटीतून उतरून घरी गेलो, तर आई ओटीवरूनच म्हणाली, आधी नाशिक."

गाडी येईपर्यंत मामांनी हात काढला नाही.

नाशिकच्या कामांच्या यादीत मी 'मामांचे शुद्धिस्नान' लिहिले होते. आम्ही परतलोसुद्धा, ते मामांनी अजून केलेले नाही.