पाणकावळा आणि हिरवं लुगडं

आधी काकूंचं सांगते, मग बाकीचं. खडकवासल्याच्या पाण्याकाठी राहणाऱ्या भोयांच्या घरातल्या या काकू. त्यांनी मला होडीत घेतलं नसतं, तर आम्हा नवराबायकोला भंडाऱ्याकडे परत जावं लागलं असतं, आणि तिथे आमची कुणी वाट बघत नव्हतं.

आमचे हे वारज्यात बांधकामावर होते. परांचीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला. मुकादमाने खोली रिकामी करायला सांगितली. माझी शाळा सातवीतच सुटलेली, पुण्यात ओळख ना पाळख. धरणाकाठी मासळी आणायला जायची, तिथेच काकूंना काम विचारलं. त्यांचा खांदा आखडला होता, वल्हं मारवत नव्हतं.

"मागची खोली देते," त्या म्हणाल्या. "पण पक्षी तुला घेतो का, ते बघावं लागंल."

पक्षी म्हणजे पाणकावळा. पिल्लू असल्यापासून त्यांच्या सासऱ्यांनी वाढवलेला. आजूबाजूच्या भोयांत असं कुणी करत नव्हतं, या एकाच घरात ही रीत. पक्ष्याच्या गळ्यात सैल दोरी बांधायची. बारके मासे तो गिळायचा, मोठा मासा गळ्यात अडकला की होडीवर परत यायचा. तो काढून घ्यायचा आणि बदल्यात एक बारका द्यायचा. माणूस तो ओळखायचा रंगावरून. म्हणून काकू पाण्यावर कायम हिरवं लुगडंच नेसायच्या. त्यातलं एक मला दिलं आणि रोज माझ्या हातून त्याला चारायला लावलं.

त्यांच्या दिराला मी नको होते. त्यांना होडीवर बायकोचा भाऊ हवा होता. ठरलं असं, की मी एकटीने होडी न्यायची, काठावरून कुणी काही सांगायचं नाही. पक्षी माझ्याकडे आला तर काम माझं. काकू काठावर बसल्या त्या अंगावर घोंगडं ओढून, त्यांचं हिरवं त्याला दिसू नये म्हणून.

त्या सकाळी थंडी कडाक्याची. पक्षी बुडाला, वर आला. गळा फुगलेला, म्हणजे मासा होता. पण होडीकडे येईना. लांबच फेऱ्या मारत राहिला. मी हाका मारमारून थकले.

"वहिनी, पाव्हणीला एसटी कितीची हाय?" दीर काठावरून म्हणाले.

आता खोली गेली, प्लास्टरचा पाय घेऊन कुठे जायचं, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात काकू ओरडल्या, "अगं, ते स्वेटर काढ आधी!"

आमच्या यांचा तपकिरी स्वेटर मी लुगड्यावरून घातला होता. थंडी वाजत होती म्हणून घातला, त्यात काय विचार करायचा!

"सांगायचं नाही ठरलं होतं," दीर तडकले.

"व्हय, ठरलं होतं. पोर कुडकुडतीय, ती काय पैज लावायला आलीय? तुमच्या मेव्हण्याला उद्या बसवा तिथं, त्यालाबी सांगते मी."

आवाज ऐकून पक्ष्याने मान काठाकडे वळवली. काकूंनी घोंगडं तोंडावर ओढलं आणि गप्प बसल्या. मी स्वेटर काढून पायाखाली टाकला. पक्षी पोहत आला, वल्ह्यावर चढला. मी मासा काढला, चांगला हातभर होता. दीर उठून गेले. मेव्हणा काही आला नाही.

यांचा पाय बरा झाल्यावरही मी होडी चालवत होते. पुढे तो पक्षी म्हातारा होऊन गेला, आणि असे पक्षी पाळायलाच बंदी आली. हल्ली कॉलेजची मुलं येतात, "वारसा" म्हणतात, फोटो मागतात. फोटो कुणी काढला होता?

काकू आता वारज्यात मुलाकडे असतात, चौथ्या मजल्यावर. गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. परवा म्हणाल्या, "एवढी वर्षं होडीत काढली, पण कुणी वल्हवतंय आणि मी नुसती बसलीय, असं एकदाबी झालं नाही." काकू, तुम्हाला खुर्चीसकट खाली आणीन मी, कुणाची तरी होडी मागून आणीन, आणि वल्हं माझ्या हातात असेल. तुम्ही काही करायचं नाही.