खूण कोणाची?

नागभीड स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. पडद्यावरच्या नागमोडी रेघेवरून तिचं बोट पुन्हा पुन्हा फिरायचं. मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. दूरच्या दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या एका वस्तीत, नुकताच एक तारा फुटला होता. तो कसा मेला, ते त्याच्या प्रकाशाच्या या रेघेवरून नोंदवायचं. हायड्रोजनची खूण असली तर एक प्रकार, नसली तर दुसरा.

"खूण तर दिसून राह्यली. लिहून टाक ना," मी म्हटलं. पडद्यावर प्रकाराचा रकाना रिकामाच होता, आणि मला रिकामा रकाना बघवत नाही.

"दिसते बाई, पण ताऱ्याची का वस्तीची? हायड्रोजन तर तिथी सारीकडेच हाये."

"तोवर दुसरा कोणी लिहील, नाव त्याचं होईल."

"होऊ द्या. मेलेल्याचं कारण अंदाजानं काऊन लिहू?"

ती हसली आणि पुन्हा पहिल्यापासून रेघ तपासू लागली.

माझ्या पिशवीत आरोग्य केंद्रात द्यायची मृत्यूंची यादी होती. टोल्यात, म्हणजे आमच्या लहानशा वाडीत, तापाची साथ होती, म्हणून एका बाईच्या नावापुढे मी घरी न विचारताच 'ताप' लिहिलं होतं.

गाडी आली. ती चढली. मी आरोग्य केंद्राऐवजी टोल्याकडे, त्या बाईच्या घराकडे जाणारी बस धरली.