गोळीची भूक

आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत माझ्या आतेभावाइतका हलका माणूस दुसरा झाला नाही आणि पुढे त्याच्याइतका जडही कुणी झाला नाही. हलका होता तेव्हा तो बैलगाडा शर्यतीत घोडी पळवायचा. आमच्याकडच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीच्या धावपट्टीवर, गाड्याच्या बैलांपुढे एक घोडी पळते, आणि तिच्यावरचा माणूस जितका काटकुळा तितकं चांगलं. महाळुंगे पडवळचा हा गडी घोडीच्या मानेला असा चिकटायचा, की लांबून पाहणाऱ्याला घोडी एकटीच पळते आहे असं वाटे. जेवायला बसला की अर्धी भाकरी मोडून उरलेली परत टोपलीत टाकायचा. "वन्सं, ह्याला काय वाऱ्यावर वाढवलाय का?" असं माझी आई आत्याला विचारायची.

नव्वद सालानंतर कधीतरी त्याच्या कानात भोंगा वाजू लागला. यात्रेत निवेदक जसा भोंग्यावरून प्रत्येक बारीचं, गाड्याच्या एकेका धावेचं, वर्णन करतो, तसा कुणी तरी याच्या अख्ख्या दिवसाचं वर्णन करायचा. आता पावणं उठलं, आता पावण्यांनी चूळ भरली, आता चहात बटर बुडवलं, बटर तुटलं, बटर गेलं! हे त्यानं सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो, त्यात सगळ्यात मोठ्यानं मी. मग भोंगा शिव्या देऊ लागला. एका दुपारी त्यानं विहिरीत उडी टाकायला सांगितलं आणि शेजारच्या दोघांनी आतेभावाला कमरेला मिठी मारून काठावरून मागे ओढलं. आत्यानं त्याला पुण्याला डॉक्टरकडे नेलं. पहिल्या औषधानं तो लाकडासारखा ताठ झाला, म्हणून डॉक्टरांनी नवी गोळी दिली. महिन्याभरात भोंगा बंद पडला. आम्ही म्हटलं, सुटलो.

आणि मग भूक सुरू झाली. सहा भाकऱ्या, त्यावर भाताचं पातेलं, आणि हात धुता धुता "आजून काय हाय गं आई?" कुणी टोकलं की तो शांतपणे सांगायचा, "भूक माझी न्हाई राव, गोळीची हाय. मी तिला नुसतं तोंड दिलंय वापरायला." एका लग्नात तो तीन पंगतींना बसला. पहिली मुलीकडून, दुसरी मुलाकडून. तिसरीला वाढप्यानं हटकलं, तर म्हणाला, "आता गोळीकडून." डॉक्टर म्हणाले, पोट भरल्याचा निरोपच मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. दोन वर्षांत बावन्न किलोचा तो सत्त्याण्णव किलोचा झाला. हा आकडा मला पाठ आहे, कारण कांद्याच्या दिवसांत तो ओतूरला आमच्याकडे मुक्कामाला यायचा आणि रोज बाजारात जाऊन गोण्यांच्या काट्यावर उभा राहायचा. व्यापारी गोणीमागे बारदानाच्या वजनाचा कडता कापतात, हे त्याला ठाऊक होतं. हमालानं वजन पुकारलं की हा म्हणे, "भाऊ, त्यातनं गोळीचा कडता कापा. खालचा माल माजाच हाय, निवडून घ्या."

पुढे त्याची छाती बायकांसारखी भरू लागली. उन्हाळ्यातही तो अंगावर घोंगडी घेऊन बसू लागला, ओढ्यावर पोहायला येईना. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गोळीमुळे एक हार्मोन वाढलंय, बाळंतिणीला दूध यायला लागतं ते, असं समजावलं. आत्या वाटभर पदर डोळ्यांना लावून होती. घरात पाऊल टाकताच हा म्हणाला, "आई, बाळंतिणीचं हार्मोन हाय, तर मंग डिंकाचं लाडू कर की." आत्या रडता रडता हसली आणि तिनं खरंच लाडू केले. पण त्या दिवसापासून तो गोठ्यात घोडीजवळ जास्त वेळ बसू लागला, हे माझ्या लक्षात आलं होतं.

संक्रांतीनंतर त्यानं गोळ्या बंद केल्या. फक्त मला सांगितलं. "एकदा बसू दे मला घोडीवर. यात्रा झाली की परत चालू करतो. आईला बोलू नको." मी बोललो नाही. बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याला घोडीवर पाहायची ओढ त्याच्याइतकीच मलाही होती, आणि त्याचं पोट उतरताना पाहून मी मूर्खासारखा खूश होत होतो.

चैत्रात यात्रा आली. पहिल्याइतका नाही, पण बसण्याजोगा तो झाला होता. गाडामालकानं जुन्या ओळखीखातर एक बारी दिली. तो घोडीवर चढला, भोंग्यावरून त्याचं नाव पुकारलं, माणसं ओरडली. तो मात्र वाकून मला म्हणाला, "आत्ता माजं नाव पुकारलं का रं?"

"पुकारलं की."

"आन घोडी मानसांत घाल म्हनतोय, त्यो?"

"तसं कुणी म्हणत नाही," मी म्हणालो.

त्यानं घोडीच्या मानेवर थाप मारली, आपला आपण खाली उतरला आणि लगाम दुसऱ्याच्या हातात दिला. "आईला बोलाव." मी बायकांच्या गर्दीत जाऊन आत्याला सगळं सांगितलं. तिनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि धावत सुटली. पुढे डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद करण्याआधी मला सांगायचं ना, दुसरी देता आली असती. दिलीही. भोंगा पुन्हा बंद पडला, छाती उतरली, भूक थोडी आटोक्यात आली. पण घोडीवर बसण्याइतकं वजन पुन्हा कधी उतरलं नाही.

आता दर यात्रेला आम्ही दोघं घाटाच्या वरच्या बांधावर बसतो. तो दोघांची जागा अडवतो, मी त्याला टेकून बसतो. बाऱ्या सुरू झाल्या की तो मला विचारतो, "मी कसा दिसायचो रं घोडीवर? तू पायलाय. मला कुटनं दिसनार?" मग मी सांगतो. शर्टात वारा कसा भरायचा, घोडीच्या आयाळीत हात कसे बुडायचे, सगळं. खरी बारी चौदा सेकंदांत संपायची, माझी अर्धा तास चालते. त्याचे डोळे मिटलेले असतात. मी घाटाच्या शेवटाशी येऊ लागलो, की तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवतो.

"दमानं घे," म्हणतो. "आत्ताच नगं पोचवू."