धाकटीची फळी

माझ्या धाकट्या जावेला एक अक्षर येत नव्हतं, आणि आमच्या सतरा माणसांच्या घराचं जेवण तिच्या फळीवर ठरत होतं. मी चौथी पास. माहेर मुरबाडात, म्हणून शाळेचं तोंड तरी पाहिलेलं. टपालाचं कार्ड आलं की घरात वाचायला मलाच हाक यायची. पण भिंतीवर अक्कल टांगली ती हिनं, या शेणवे गावच्या पोरीनं! अजून आठवलं की पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू?

फळी म्हणजे गोठ्याच्या मोडक्या दाराची. तिनं ती काजळीनं काळी केली आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं तिच्यावर सात ओळी आखल्या. वार ओळखायला चित्रं काढली. सोमवारी बेलाचं पान, शनिवारी मारुतीची शेपटी, बाजाराच्या दिवशी टोपली. प्रत्येक ओळीत बांबूच्या दोन खुंट्या, एक सकाळची आणि एक रात्रीची. खुंटीला चिंधीची पुरचुंडी लटकवायची. एकीत वाल, एकीत तूर, एकीत नाचणी. ज्या वाराला जी पुरचुंडी, ते त्या वेळचं जेवण. लढाईचे दिवस होते, तांदूळ पुरवून पुरवून खावा लागायचा. धाकटी म्हणायची, "ताई, सोमवारी रातच्याला नाचणी लावली तं बुधवारी पोरांना भात मिळंल." आणि खरोखर मिळायचा, हेच तर दुखणं!

तिचं एक बोलणं घरात सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. "वालाला दोन रोज आदी आवतण द्यावं लागतं गो!" बरोबरच होतं ते. वाल आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग सोलायचे, तेव्हा कुठे बिरडं होतं. सतरा माणसांचं बिरडं ऐन वेळी सुचून चालत नाही. हे मला काय ठाऊक नव्हतं? माझा जन्म गेला वाल सोलण्यात. पण मी बोलले की ती कटकट, आणि हिनं म्हटलं की आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, मान डोलवायच्या.

एकदा तिनं बुधवारच्या खुंटीला खरा सुका बोंबील बांधला. मांजरीनं तो उडी मारून नेला आणि पोरं ओरडली, "बुधवार खाल्ला, बुधवार खाल्ला!" मी मनात म्हटलं, बरी जिरली. दुसऱ्या दिवशी बघते तर हिनं बांबू तासून मासा केलेला, डोळ्यासकट. शेजारच्या बायका तो मासा बघायला आल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता खरं दुखणं सांगते. फळी यायच्या आधी उजाडलं की घरातलं प्रत्येक माणूस माझ्याकडे यायचं. दीर यायचे, शेतावर निघालेल्या बायका यायच्या, आत्याबाईसुद्धा. "आज काय करतेस गो?" मी पदर खोचायची, चुलीत लाकूड सारायची आणि मुद्दाम जरा उशिरानं सांगायची. तेवढा वेळ सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मला मूलबाळ नाही, अंगावर दागिना नाही. माझं सगळं वैभव त्या एका प्रश्नात होतं. फळी लागली आणि माणसं माझ्यासमोरून जाऊन भिंतीकडे बघायला लागली. आमचे हेसुद्धा! मी चुलीपाशीच बसलेली असताना एकदा भिंतीला म्हणाले, "वा, आज बिरडं!"

पौषात म्हसा गावाला बैलांची जत्रा भरायची, ती म्हशाची जत्रा. बैल बघायला आत्याबाईंचे भाऊ दरवर्षी यायचे आणि आमच्याकडे जेवून पुढे जायचे. त्या वर्षी ते सोमवारी यायचे होते. सोमवारी आमच्या घरात मासळी शिजत नाही, म्हणून धाकटीनं वालाची पुरचुंडी बेलाच्या पानासमोर बांधली आणि ती चार दिवस शेणव्याला माहेरी गेली. वाल भिजत घालायचं काम आत्याबाईंचं. त्या रोज दिवेलागणीला फळी बघायच्या आणि पुढचं काढून ठेवायच्या.

शुक्रवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी वालाची पुरचुंडी सोडली आणि बुधवारी बांधली. बांबूचा मासा काढून खाली ठेवला आणि सोमवारी तुरीची पुरचुंडी लावली. बस, एवढंच केलं.

सोमवारी पाहुणे पाटावर बसले आणि पानात पडली तुरीची पातळ आमटी. आत्याबाईंचे भाऊ हसत म्हणाले, "काय आक्का, आमचं बिरडं म्हशाच्या बैलानं खाल्लं का?" आत्याबाईंचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात धाकटी माहेराहून दारात आली, डोक्यावर गाठोडं तसंच. सासूबाई सगळ्यांदेखत कडाडल्या, "ये, ये! तुझ्या फळीला लाव आग! माझ्या भावाला आमटीवर उठवलंस!"

धाकटीनं फळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "चुकलं माजं." हातपाय धुतले, फळी उतरवली आणि माळ्यावर लाकडांत टाकली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून सगळे पुन्हा मला विचारू लागले. मी सांगत होते, पण घास गोड लागत नव्हता. पुढच्या वर्षी धाकटे दीर शहापूरला भाताच्या गिरणीत लागले आणि धाकटीनं तिकडे वेगळी चूल मांडली. निघताना माझ्या पाया पडली. मी तिला धड आशीर्वादही दिला नाही.

तीन वर्षांनी निरोप आला, धाकटी अंथरुणाला खिळलीय. मी गेले. तिचा हात काडीसारखा झाला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "धाकटे, त्या सोमवारची पुरचुंडी मी हलवली होती गो."

"ठावं हाय," ती म्हणाली. "पुरचुंडीला मी दोन गाठी मारते, तुमी एक."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "काय बोलू ताई? मी लगीन करून आले तवा सारी तुमालाच विचारायची. वरीसभर मी भांडी घासली, मला कोणी इचारलं नाय, पानी पाहिजे का म्हणून. तुमी पदर खोचून उत्तर द्यायच्या ना, तवा मी जळून जायची. म्हणून तं केली ती फळी. तांदूळ पुरंल, ते सगळं मागनं सुचलं."

मी तिचा हात धरून बसले. दोघी रडलो, मग दोघींना हसू आलं. संध्याकाळी मी तिला मऊ भात भरवला.

होळीच्या आत ती गेली. आता घरात मला दोन सुना आहेत, पुतण्यांच्या बायका. गुणाच्या आहेत, विचारल्याशिवाय पातेलं चढवत नाहीत. पण जिचा हेवा करावा अशी एकही नाही, आणि खरं सांगते, धाकटी गेल्यापासून माझा स्वयंपाकात जीव लागत नाही.