अक्षर तेच होतं

लेकीनं पुण्याहून ई-रीडर पाठवला, तेव्हा यांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. हे म्हणजे माझे यजमान. वडवणीत यांना सगळे पेंटर म्हणतात. आडनाव विचारलं तर निम्म्या गावाला सांगता यायचं नाही. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार रंगवले. पुढे फ्लेक्स आला आणि ब्रश कोरडे पडले. त्याचा यांनी फार शोक केला नाही. "लई उन्हात उभा राह्यलो. आता सावलीत बसून वाचतो," म्हणाले आणि खरंच वाचायला बसले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. हे नववीतून शाळा सोडलेले. पण घरात खरं वाचणारं माणूस कोण, तर हेच. मी वाचते ती वर्गाच्या तयारीपुरती, फार तर रविवारची पुरवणी. हे भुकेल्यासारखे वाचायचे. ताटाशेजारी पुस्तक, आमटीचे डाग पानांवर, आणि वाचनालयातल्या बाईंची बोलणी मला. डोळ्यांचं दुखणं आल्यापासून मात्र बारीक छपाई सोसेना. म्हणून लेकीनं ते यंत्र पाठवलं. "यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं, बाबा," ती फोनवर सांगत होती.

यांनी पहिलं पान उघडलं. लांब धरलं, जवळ धरलं आणि माझ्याकडे परत दिलं.

"ही अक्षरं आपली न्हाईत."

"मराठीच तर आहे की!"

"भाषा मराठी हाय. अक्षर हिंदीचं हाय. ह्यो ल बघ, दांडी घातलीय त्याला. आपला ल दोन पाकळ्यांचा. श पण बघ. असला श मी जन्मात काढला न्हाई, कावून वाचू?"

मला तो हट्ट वाटला. इतकी वर्षं पोरांना ल गिरवायला लावला, पण पुस्तकात कुठला छापलाय हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. यांचं बरोबर होतं.

लेक म्हणाली, यात आपल्याला हवा तो फॉन्ट घालता येतो. मग शनिवारी शाळा सुटल्यावर शाळेच्या लॅपटॉपपुढे मी, कानाला फोन आणि पलीकडे लेक. केबलनं यंत्र जोडायचं. पडद्यावर त्याचं चित्र आलं की ते उघडायचं. आत फॉन्टसाठी एक फोल्डर असतो, त्यात उतरवून घेतलेली फाइल टाकायची. पहिल्या वेळी मी झिप केलेली फाइल न उलगडताच टाकली, ती दिसलीच नाही. दुसरा फॉन्ट बसला, पण जोडाक्षरं फुटली; वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे. घरी आणून दाखवलं, तर हे ते पान बघून इतके हसले की डोळ्याला पाणी आलं. "तुझ्या पहिलीतल्या पोरांनी लिहिलंय का गं?" तिसरा फॉन्ट नीट बसला. पाकळ्यांचा ल, देठाचा श.

तरी यांचं समाधान व्हायला आठवडा लागला. "ओळी लई चिकटल्यात. वरचा उकार खालच्या मात्रेला धडकतोय." मी ओळींमधलं अंतर वाढवलं. "आता अक्षर फिकं दिसतंय, जरा रंग भर." ठळकपणा दोन घरं पुढे सरकवला. "कडंची जागा कमी कर, वाया चालली." एखादी पाटी रंगवून झाल्यावर हे रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि तिथून तिच्याकडे बघायचे. तसंच ते यंत्र खिडकीत उभं करून हे दारापाशी गेले. तिथून बघत राहिले. मग म्हणाले, "आता ठीक हाय. आता हात लावू नको."

त्यानंतरचं वर्ष मला आमच्या संसारातलं सगळ्यात शांत वर्ष वाटतं. मी शाळेतून यायची आणि हे ओसरीवर वाचत असायचे. मान वर न करता म्हणायचे, "चहा टाक, एवढं प्रकरण होऊ दे." मग चहा पिताना ते प्रकरण मला सांगायचे. पुस्तकातली माणसं आमच्या गल्लीत राहत असल्यासारखं बोलायचे. "त्या बाईनं जमीन भावाला द्यायला नको होती," असं म्हणून खरोखर चिडायचे.

एका सकाळी आंघोळ करून बाहेर आले आणि दाराच्या उजव्या चौकटीला धडकले. डोकं दुखतंय म्हणाले. पाणी दिलं, तर पेल्याच्या बाजूला हात गेला. शेजाऱ्यांनी गाडी काढली, आम्ही बीडला दवाखान्यात पोचलो. मेंदूतली रक्ताची गुठळी. पाच दिवसांनी घरी सोडलं. हातपाय चालत होते, बोलणं स्वच्छ होतं, सगळ्यांना ओळखत होते. फक्त उजव्या बाजूचं दिसत नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, थोडक्यात निभावलं. मीही तेच म्हणत होते. शेजारच्या काकू नारायणगडाला नारळ फोडून आल्या.

दुसऱ्या दिवशी यांनी ई-रीडर मागितला. चष्मा लावला. बराच वेळ बघत बसले, मग मला हाक मारली.

"अगं, ह्याचा फॉन्ट उडाला वाटतं. काय लागंना बघ."

मी ओला हात पदराला पुसून यंत्र घेतलं. पान जसंच्या तसं होतं. पाकळ्यांचा ल, देठाचा श, ओळींत यांनीच ठरवलेलं अंतर. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

तोंडातून मात्र आलं, "हो, बिघडलाय. इतके दिवस बंद होता ना. मी बघते."

तिथून माझं खोटं सुरू झालं. मी शाळेत जाऊन तोच फॉन्ट काढून पुन्हा घातला. मग दुसरा, तिसरा. जाड अक्षराचा, बारीक अक्षराचा, जुन्या छापखान्याच्या वळणाचा. आकार वाढवला. हे दर वेळी चष्मा पुसून बघायचे आणि मान हलवायचे, "हा पण न्हाई." आणि मी म्हणायची, "थांबा, अजून एक आहे." लेक तिकडून एकेक फॉन्ट पाठवत होती. ती एकदा म्हणाली, "आई, हा फॉन्टचा प्रश्न नाहीये गं." मी फोन ठेवून दिला.

मधे एकदा गॅसवाल्याचा फोन आला होता. मी घरी नव्हते. यांनी निरोप कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, 'गुरुवारी सिलिंडर येईल'. काय अक्षर! एकेक वळण मोत्यासारखं. मला इतका आनंद झाला. मी कॅलेंडर त्यांच्यापुढे धरून म्हटलं, "हे काय लिहिलंय, वाचा बरं."

हे बघत राहिले. बोट शब्दावर ठेवलं, उचललं.

"हात चांगला हाय," म्हणाले. "कुणाचा हाय?"

त्याच आठवड्यात आम्ही तपासणीला गेलो. यांना बाहेर बसवून मी डॉक्टरांना विचारलं. ते समजुतीनं बोलले. म्हणाले, "डोळा बघतोय, हात लिहितोय, भाषा शाबूत आहे. बघितलेलं अक्षर भाषेपर्यंत नेणारा रस्ता तेवढा तुटलाय. कधी कधी थोडं सुधारतं. पूर्वीसारखं वाचणं कठीण आहे, बाई."

मला कळलं होतं. तरी घरी आल्यावर मी नवा फॉन्ट घातला. डॉक्टरांनी 'कठीण' म्हटलं होतं, 'नाही' म्हटलं नव्हतं, एवढ्याच एका शब्दावर मी जगत होते.

आणि चार दिवसांनी, मी शाळेतून आले तेव्हा हे ओसरीवर वाचत बसले होते. पान उलटत होते. मी चप्पल न काढताच विचारलं, "लागतंय?"

"लागतंय की. ह्यो फॉन्ट बरोबर हाय."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. लेकीला फोन केला, तीही रडली. त्या दिवशी मी शिरा केला. शाळा तेव्हा सकाळची होती; नंतरचे काही दिवस हे रोज दुपारी वाचायचे आणि मी लांबूनच बघायची, नजर लागू नये म्हणून. गोष्ट काय आहे असं विचारलं की, "चांगली हाय," एवढंच म्हणायचे. दमत असतील, असं मी मनाला सांगितलं.

मग एका दुपारी यांचा डोळा लागला होता, म्हणून मी यंत्र उचलून ठेवायला गेले. पानाच्या खाली, पुस्तक किती वाचून झालं ते आकड्यात दिसतं. सोमवारी मी तिथे बेचाळीस टक्के पाहिलं होतं. आज गुरुवार. आकडा सव्वीस होता.

आधी मला उमगेना. मग लक्षात आलं. यांना उजवी बाजू दिसत नाही. पान पुढे जायला उजवीकडे बोट लावावं लागतं, मागे जायला डावीकडे. हे दिसेल त्या बाजूला, डावीकडे बोट लावत होते. रोज दुपारी तास-दीड तास, शांत चेहऱ्यानं, पुस्तक उलटं मागे मागे नेत होते.

मी तिथेच खाली बसले. यांना जाग आली. माझ्या हातातलं यंत्र बघितलं, माझा चेहरा बघितला.

"कळलं का?" म्हणाले.

"कावून केलंत असं?" मी शाळेतली बाई, पण त्या वेळी माझ्या तोंडातून माहेरचीच बोली आली.

"तू रोज नवा फॉन्ट घालून आणतीस. दारातूनच माझ्या तोंडाकडं बघतीस. मला ते बघवंना गं."

मी म्हटलं, "मी पण खोटं बोलले. फॉन्ट बिघडला नव्हता."

"ठाऊक हाय मला. पहिल्याच दिवशी कळलं. अक्षर तेच होतं. मीच निवडलेलं, मी ओळखणार न्हाई का? अक्षराची पाकळी दिसते, देठ दिसतो. काय म्हणतंय ते, कळंना. तुला तसं कसं सांगू? म्हणून फॉन्टवर ढकललं."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती काही केल्या सुरू होत नव्हती.

नंतर आम्ही खटपट केली नाही असं नाही. डॉक्टरांनी बोटानं अक्षर गिरवून बघा म्हणून सांगितलं होतं. मी अक्षर एवढं मोठं केलं की पडद्यावर जेमतेम एक शब्द मावायचा. हे त्यावर बोट फिरवायचे, ब्रश फिरवल्यासारखं. डोळ्याला न कळलेलं हाताला कळायचं. 'पा', मग 'णी'. मग एकदम, "पाणी!" एका शब्दाला दोन-तीन मिनिटं. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात हरवायची. दोन महिन्यांत आम्ही पाऊण पान वाचलं. एका रविवारी यांनी बोट उचललं आणि म्हणाले, "पुरे आता. ह्याला वाचणं म्हणत न्हाईत."

मी वाचून दाखवायला लागले. तेही फार टिकलं नाही. "तुझा आवाज शाळेतला हाय, धडा शिकल्यासारखं वाटतं," म्हणाले. हसत म्हणाले, पण पुन्हा मागितलं नाही. दिवाळीला लेक आली तेव्हा यांनीच यंत्र तिच्या पिशवीत ठेवलं.

आता मी निवृत्त झालेय आणि गंमत अशी की मलाच वाचायची सवय लागली आहे. पण यांच्यासमोर पुस्तक उघडवत नाही. उपाशी माणसासमोर जेवायला बसल्यासारखं होतं. मी स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभ्यानं वाचते.

परवा हे पाणी प्यायला आत आले आणि मी पुस्तक मिटलं.

"कावून मिटलंस?"

"संपलं," मी म्हटलं. खरं तर निम्मंही झालं नव्हतं.

हे पाटावर बसले. "काय झालं शेवटी?"

मला शेवट माहीत नव्हता. पण हे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी सांगायला सुरुवात केली. दोन भाऊ होते, म्हटलं, पुष्कळ वर्षं अबोला होता. पुढचं सुचेल तसं जोडत गेले. धाकटा आजारी पडतो, थोरला एसटीनं त्याच्याकडे जातो. हे मान हलवत ऐकत होते.

"भेट होते का?"

"होते," मी म्हटलं.

"बरं झालं," असं म्हणून यांनी पेला खाली ठेवला आणि हे बाहेर जाऊन बसले.