दोन मीटरची काठी

जुहाना आकी चाळीस वर्षं चहाच्या मळ्यात ओळी सरळ राखायचा. वाकडंतिकडं त्याला खपायचंच नाही. मशिदीबाहेरच्या चपलासुद्धा तो जोडीनं लावून ठेवी. म्हातारपणी जमिनीतल्या वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्रानं त्याला ज्वालामुखीच्या उतारावरची भेग सांभाळायला दिली. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी. रोज सकाळी मधलं अंतर मोजायचं आणि कळवायचं. कशासाठी, ते समजावायला कुणाला सवड नव्हती. भेगेखालच्या उतारावर वाफेचे पाइप, त्यांच्याही खाली वस्ती, आणि वस्तीत पहिलंच घर त्याच्या लेकीचं, निनिंगचं.

तीन वर्षं आकीनं एकच आकडा कळवला, दोन मीटर. त्याच्या भरवशावर वस्ती निर्धास्त झोपायची.

त्या सकाळी दरडींची पाहणी करणाऱ्या हार्तिनीबाई पहिल्यांदाच वर आल्या. भेगेत डोकावल्या आणि दचकल्या.

"आकी, एवढी रुंदावलीय ही! मग आकडा हलला कसा नाही?"

"हलेल कसा? मी हलू देतो होय?" आकीनं ऐटीत बांबूची काठी दाखवली. "बरोब्बर दोन मीटर. खुंटी सरकली की उपटायची, काठी लावून पुन्हा ठोकायची."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "किती वेळा केलंत असं?"

"या पावसाळ्यात तर रोज..." बोलता बोलताच त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खुंट्या जागेवर ठेवायच्या नव्हत्या, सरकतात का ते बघायचं होतं! मग निनिंगचं घर आठवलं आणि तो उतारावरून धावत सुटला.

त्यानं वस्तीत धोक्याच्या इशाऱ्यासाठी टांगलेला पोकळ बांबू बडवला. निनिंग हसतच बाहेर आली. "अबा, सकाळीच म्हणालात ना दोन मीटर? माझा भात चुलीवर आहे."

"खोटं होतं ते! तीन वर्षं खोटं! पोरं उचल आणि नीघ!"

बापाचा असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. ती निघाली, तिच्यामागे वस्ती निघाली.

दुपारी दरड कोसळली. समोरच्या टेकडीवरच्या शाळेतून सगळ्यांनी पाहिलं. पाइप मोडले, वाफ उसळली, आणि ती विरली तेव्हा घरांच्या जागी नुसता चिखल होता. माणसं तेवढी वाचली.

वस्तीचा मुखिया आकीचे हात धरून रडला. "तुम्ही रोज मोजत होतात म्हणून जगलो."

"अहो नाही, ऐका तरी..."

कुणी ऐकेना. शाळेच्या दाराशी घाईत टाकलेल्या चपलांचा ढीग पडला होता. सवयीनं आकी खाली वाकला, आणि त्याचा हात तसाच थांबला. एकही चप्पल हलवायची त्याची छाती होईना.